जॉइनिंग लेटर आणि दुसरा फॉर्म

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त, प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनानंतर क्लब हाऊसमध्ये झालेल्या करिअर मार्गदर्शन कार्यक्रमातील भाषण. वक्ते आपल्याच सोसायटीतील रहिवासी व निवृत्त कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक आहेत. – संपादक मंडळ)



कमिटीनं मला सांगितलं, "सर, पंचवीस वर्षं झाली सोसायटीला. मुलांच्या उपयोगाचं काहीतरी बोला, आणि वीस मिनिटांत संपवा." दुसरी अट जास्त कडक आहे, म्हणून सरळ विषयावर येतो. विषय काहींना जरा अपशकुनी वाटेल. मुलाची किंवा मुलीची एनडीएत निवड झाली, पत्र हातात आलं, पेढे वाटून झाले. आता दुसऱ्या कॉलेजचा फॉर्म भरायचा की नाही?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना चहाला उठायचंय त्यांना उठता येईल. भरायचा. वेळेवर भरायचा, आणि भरताना कुणी मान खाली घालायची नाही.

आपण पुण्याची माणसं. खडकवासल्याला रविवारी भजी खायला जाताना एनडीएच्या हद्दीची भिंत आपण नेहमी बघतो. १९४९ साली पंडित नेहरूंनी तिथे कोनशिला बसवली, तेव्हापासून ती संस्था आपल्या घरच्यासारखी आहे. आता तर मुलींसाठीही दार उघडलंय. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे मुलींना परीक्षेला बसता आलं, २०२२ साली पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ रोजी सतरा मुली पहिल्यांदा तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. त्यामुळे यापुढे मी 'मुलगा' म्हणालो तरी 'मुलगी'ही त्यात धरा.

आता या वाटेच्या पायऱ्या मोजू, कारण बऱ्याच घरांत दोन-तीन पायऱ्या एकच समजल्या जातात आणि तिथेच घोळ होतो.

पहिली पायरी यूपीएससीची लेखी परीक्षा. वर्षातून दोनदा होते, गणित ३०० गुण आणि सामान्य क्षमता ६०० गुण. दुसरी पायरी एसएसबी, म्हणजे भोपाळ, बंगळूरु, प्रयागराज अशा ठिकाणी होणारी पाच दिवसांची निवड. तिला ९०० गुण, म्हणजे एकूण १८०० पैकी निम्मे. तिथून मुलगा फोन करतो, "बाबा, मी रेकमेंड झालो." आणि इथे सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडतो, "सिलेक्ट झाला!" नाही हो. रेकमेंड झाला म्हणजे दुसरी पायरी चढला. तिसरी पायरी वैद्यकीय तपासणी. चौथी पायरी यूपीएससीची मेरिट लिस्ट. पाचवी पायरी जॉइनिंग लेटर. आणि सहावी पायरी, जी कुणीच मोजत नाही, ती म्हणजे आत गेल्यावरचे पहिले काही महिने.

मेरिट लिस्टबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ही यादी करताना वैद्यकीय तपासणीचा निकाल धरलेला नसतो. यूपीएससी ते स्वतःच निकालाच्या पत्रकात लिहिते. दोन, एका कोर्सला साधारण चारशे जागा असतात आणि यादीतली नावं त्याहून बरीच जास्त असतात. म्हणजे यादीत नाव आलं तरी पत्र येईलच असं नाही. क्रमांक, वैद्यकीय पात्रता, कागदपत्रं आणि रिकाम्या जागा, हे सगळं जुळलं की पत्र.

वैद्यकीय तपासणीत काय निघेल हे घरात बसून सांगता येत नाही. नाकाचं हाड वाकडं, कानात मळ, गुडघे एकमेकांना लागणारे, तळपाय सपाट, वजन जास्त, रंग ओळखण्यात दोष. यातल्या काही गोष्टी दुरुस्त होतात, अपील करता येतं, पुन्हा तपासणी होते. काही दुरुस्त होत नाहीत. शाळेत कबड्डीचा कॅप्टन असलेला मुलगा लष्कराच्या मोजपट्टीवर अनफिट ठरू शकतो. त्यात त्याचा दोष नाही आणि डॉक्टरांचाही नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. पालक म्हणतात, "सर, दुसरा फॉर्म भरला की मुलाचं मन डगमगेल. लढाईला निघालेल्या माणसानं परतीचा विचार करू नये." हे वाक्य ऐकायला फार छान आहे. पण लष्कर स्वतः असं वागत नाही. चारशे जागांसाठी लष्कर चारशेच नावं घेऊन बसत नाही. तुमच्या मुलाच्या जागी कोण येणार, त्याचं नाव त्याच यादीत खाली तयार असतं. म्हणजे लष्कराकडे तुमच्या मुलाचा बॅकअप आहे. मग तुमच्या मुलाकडे स्वतःचा बॅकअप का नसावा? एसएसबीमध्येसुद्धा ग्रुप प्लॅनिंगचा एक प्रकार असतो. नकाशा समोर ठेवतात, एकाच वेळी चार अडचणी देतात आणि विचारतात, माणसं कमी, वेळ कमी, काय कराल? तिथे "एकच रस्ता, होईल ते होईल" असं उत्तर देणाऱ्याला कुणी शूर म्हणत नाही. त्याला तयारी नसलेला म्हणतात.

मग बॅकअप कसा करायचा? यात दोन कॅलेंडरं आहेत, ती वेगवेगळी समजून घ्या.

पहिलं कॅलेंडर जुलैवाल्यांचं. जो बारावीत असताना सप्टेंबरच्या सुमाराची परीक्षा देतो, त्याची एसएसबी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला येते आणि कोर्स जुलैच्या सुरुवातीला चालू होतो. आत्ता इथे बसलेल्यांपैकी कुणाची एसएसबी येत्या दोन महिन्यांत असेल, तर त्याच दोन महिन्यांत बारावीची बोर्डाची परीक्षाही आहे हे विसरू नका. एसएसबीच्या तारखांचे पर्याय मिळतात, नीट बघून निवडा. कारण बारावी पास असल्याचा पुरावा दिला नाही तर एनडीएही जाते आणि दुसरं कॉलेजही जातं. त्यामुळे पहिला बॅकअप म्हणजे बारावीचा अभ्यास.

या जुलैवाल्या मुलांनी सीईटी आणि जेईई सोडायची नाही. "मला आता काय करायचीय सीईटी" असं एप्रिलमध्ये म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत. सीईटीचा स्कोअर त्या वर्षाच्या प्रवेशापुरता असतो. मुलगा जूनमध्ये अनफिट ठरला आणि सीईटी दिलेलीच नसेल, तर इंजिनिअरिंगचं वर्ष गेलं. परीक्षा दिलेली असेल तर निदान कॅपचा फॉर्म भरता येतो.

आणि इथे एक गंमत आहे, ती नीट ऐका. एनडीएचा कोर्स जुलैच्या सुरुवातीला चालू होतो, आणि इंजिनिअरिंगच्या कॅप राऊंडच्या याद्या सहसा त्यानंतर लागतात. म्हणजे मुलगा आत असतो आणि फॉर्म बाहेर चालू असतो. आत त्याच्या हातात आपल्यासारखा दिवसभर फोन नसतो. म्हणून फॉर्मवर मोबाईल नंबर आई-बाबांचा टाका. ओटीपी त्यावर येतो. लॉगिन आणि पासवर्ड एका वहीत लिहून ठेवा. कॉलेजांचा पसंतीक्रम मुलगा जायच्या आधी त्याच्यासमोर बसून ठरवा, कारण तिथे तो शिकणार आहे, तुम्ही नाही.

दुसरं कॅलेंडर जानेवारीवाल्यांचं. एप्रिलच्या परीक्षेतून येणारा कोर्स पुढच्या जानेवारीत चालू होतो. मधले सहा महिने मुलगा काय करणार? बहुतेक जण कुठेतरी प्रवेश घेतात आणि वर्गात बसून एसएसबीची स्वप्नं बघतात. माझं सांगणं असं की पहिलं सेमिस्टर मन लावून करा, परीक्षा द्या, गुणपत्रिका घ्या. जानेवारीत पत्र आलं तर आनंदानं जा. नाही आलं तर दुसऱ्या सेमिस्टरला तुम्ही इतरांच्या बरोबरीनं उभे असाल, सगळे विषय मागे राहिलेला विद्यार्थी म्हणून नाही.

आता पैसे आणि कागद. हे कंटाळवाणं आहे, पण रडारड इथेच होते. कॅपच्या माहितीपुस्तिकेत प्रवेश रद्द करण्याची शेवटची तारीख छापलेली असते. त्या तारखेच्या आत रद्द केलं तर थोडी रक्कम कापून फी परत मिळते, नंतर मिळत नाही. बी.एस्सी., बी.कॉम.सारख्या अभ्यासक्रमांसाठी यूजीसीनं २०१८ साली परताव्याचे टप्पे ठरवून दिले. जितका उशीर तितका परतावा कमी, आणि प्रवेशाची अंतिम तारीख उलटून तीस दिवस गेले की शून्य. दरवर्षीच्या सूचनेत तारखा बदलतात, म्हणून त्या वर्षीचा कागद वाचा. त्याच २०१८ च्या नियमांत असंही आहे की कॉलेजनं मुलांची मूळ प्रमाणपत्रं स्वतःकडे अडकवून ठेवायची नाहीत. एनडीएत जाताना मूळ कागद लागतात, त्यामुळे हा नियम लक्षात असू द्या.

घरी एक फाईल करा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, ज्यांना लागू असेल त्यांचं जात प्रमाणपत्र आणि वैधता, या सगळ्यांच्या चार-चार साक्षांकित प्रती. डिजिलॉकरवर गुणपत्रिका उतरवून ठेवा. नॉन-क्रीमीलेअर ३१ मार्चला संपतं, ते मुलगा आत असला तरी वेळेवर नवीन करून घ्या. कधी मध्येच परत यावं लागलं तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. हे सगळं आधी माहीत असलं की त्या दिवशी घाबरगुंडी उडत नाही.

इथे कुणीतरी विचारेल, "सर, आपण जागा अडवून ठेवली तर दुसऱ्या गरजू मुलाचं नुकसान नाही का?" बरोबर आहे प्रश्न. म्हणून तर तारीख पाळायची. मुलगा आत रुळला, त्याला नक्की राहायचंय असं कळलं की ताबडतोब प्रवेश रद्द करा, म्हणजे ती जागा पुढच्या फेरीत दुसऱ्याला मिळेल. बॅकअप म्हणजे जागा दाबून बसणं नव्हे.

आता सहावी पायरी. एनडीएतली तीन वर्षं, त्यानंतर डेहराडूनची आयएमए, डुंडिगलची हवाई दल अकादमी किंवा एळिमलाची नौदल अकादमी. एवढ्या मोठ्या वाटेत पाय मुरगळतो, गुडघा जातो, पाठीला मार लागतो. कुणी अभ्यासात किंवा शारीरिक चाचणीत मागे पडला तर त्याला एक टर्म मागे ठेवतात, त्याला तिथे रेलिगेशन म्हणतात. आणि एखाद्याला आत गेल्यावर मनापासून कळतं की हे आपलं नाही. जाताना पालक करारावर सही करतात. स्वतःच्या मर्जीनं सोडलं तर प्रशिक्षणाचा खर्च भरावा लागू शकतो. ही सही करण्याआधी बाप-लेकांनी तो कागद एकत्र वाचावा, एवढंच माझं म्हणणं आहे. घाबरवायला सांगत नाही.

पण एक गोष्ट गंभीरपणे सांगायलाच हवी. प्रशिक्षणात जखमी होऊन, अपंगत्व येऊन ज्यांना बाहेर पडावं लागलं, अशा कॅडेट्सच्या प्रश्नाची ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. कमिशन मिळण्याआधी बाहेर पडल्यामुळे त्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नव्हता. त्यानंतर माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभ त्यांना द्यायचं सरकारनं ठरवलं. ही मुलं कमी पडली म्हणून बाहेर आली नव्हती. देशाची तयारी करता करता मोडली होती. त्यांच्या घरी दुसऱ्या वाटेचा विचार आधी झाला असता तर दुखणं कमी झालं नसतं, पण पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे शोधण्यातली दोन-तीन वर्षं वाचली असती.

जो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परत येतो त्याच्यासाठीही दारं असतात. इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै असे दोनदा होतात. जानेवारीत पदवी सुरू करून ते वर्ष वाचवता येतं, आणि बाजूला पुढच्या सीईटीची तयारी करता येते.

आणि आता आनंदाची गोष्ट. दुसरं कॉलेज म्हणजे लष्कराला कायमचा रामराम नव्हे. एनडीएचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस, त्यामुळे बहुतेकांना अजून एखादा प्रयत्न करता येतो. बारावीला पीसीएम आणि जेईई मेन असेल तर लष्कराची टेक्निकल एन्ट्री आहे. पदवीनंतर सीडीएस आहे, हवाई दलासाठी एएफसीएटी आहे. एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत असेल तर एनसीसी स्पेशल एन्ट्रीत लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला जाता येतं. म्हणून बॅकअप कॉलेज निवडताना मी मुलांना दोनच गोष्टी बघायला सांगतो. एक, तिथे एनसीसी आहे का? दुसरी, एनडीए असं काही जगात नसतंच, तरी या कॉलेजात तू खुशीनं गेला असतास का? दुसऱ्या प्रश्नाला 'हो' येत नसेल तर ते कॉलेज बॅकअप नाही, नुसती शिक्षा आहे.

शेवटचा मुद्दा मुलांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. शेजाऱ्यांसाठी.

माझ्या वर्गातला एक मुलगा रेकमेंड झाला. त्याच्या सोसायटीनं गेटवर सहा फुटी फ्लेक्स लावला, 'भावी लेफ्टनंट' असं लिहून. ढोल-ताशा झाला. महिन्याभरानं वैद्यकीय तपासणीत तो बसला नाही, अपिलातही नाही. फ्लेक्स उतरवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन महिने तो मुलगा मागच्या गेटनं ये-जा करायचा. त्याला दुःख एनडीए गेल्याचं होतंच, पण रोज चाळीस माणसांना तीच गोष्ट सांगायची, याचं दुःख त्याहून मोठं होतं. आज तो सिव्हिल इंजिनिअर आहे, छान काम करतोय. त्याची आई मला म्हणाली, "सर, तुम्ही हट्टानं कॅपचा फॉर्म भरून घेतलात म्हणून त्याला सकाळी उठायला काहीतरी कारण होतं." मला ते वाक्य फार मोलाचं वाटतं. सकाळी उठायला कारण. बॅकअप म्हणजे तेवढंच.

म्हणून आपल्या सोसायटीनं रौप्यमहोत्सवी वर्षात तीन गोष्टी ठरवाव्यात अशी माझी विनंती आहे. पहिली, रेकमेंड झालेल्या मुलाचं अभिनंदन घरी जाऊन करायचं, फ्लेक्स लावायचा नाही. खरा सत्कार पासिंग आउट परेडनंतर करू, तेव्हा ढोल मी स्वतः बोलावतो. दुसरी, कुणी परत आलं तर लिफ्टमध्ये "का रे, काय झालं?" विचारायचं नाही. "जेवलास का? संध्याकाळी बॅडमिंटनला ये," एवढं म्हणायचं. तिसरी, ऑफिसमध्ये एक वही ठेवू. ज्यांच्या मुलांनी ही वाट धरली आहे त्या पालकांनी आपल्या अनुभवातल्या तारखा, कागद, फोन करायची ठिकाणं त्यात लिहावीत. पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागू नये.

मुलांनो, तुमच्यापैकी कुणी खडकवासल्याला गेलं तर मला तुमच्या आई-बाबांइतकाच आनंद होईल. पूर्ण मनानं जा. पण जायच्या आधी दुसरा फॉर्म भरा, त्याचा पासवर्ड आईकडे द्या, आणि मग मागे वळून बघू नका. मागचं सगळं जागेवर लावलेलं असलं की पुढे बघणं सोपं जातं.

वीस मिनिटं झाली असावीत. सेक्रेटरी घड्याळाकडे बघतायत. कागदपत्रांबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर मी रोज संध्याकाळी सहानंतर बागेतल्या बाकावर असतो. फाईल घेऊन या.